भिंतीवरची ताटली

पडेगावच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी आज काय शिजतंय ते भामाबाई खरात नुसत्या वासावरून सांगते. पण तिच्या फ्रीजरमध्ये हात घालायची कुणाची बिशाद नाही. सगळं जागच्या जागी. वाटाण्याच्या पिशव्या एकीकडं, ओल्या तुरीच्या दाण्यांच्या दुसरीकडं, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये बर्फ नाहीच, त्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाच्या वड्या. मुलगा बुद्धभूषण पुण्यात नोकरीला. त्यानंच हा मोठा फ्रीज घेऊन दिला आणि वर तोच विचारतो, "आई, एकट्या माणसाला एवढं साठवून काय करायचंय?"

"एकट्या माणसालाच साठवावं लागतं बाबा," भामाबाई म्हणते. "भरल्या घरात कुणी ना कुणी बाजारात जातंच."

एकोणीस वर्षं तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवली. एकशे चाळीस पोरं, दोन शेगड्या, आणि घंटेच्या आत सगळं तयार पाहिजे. सगळ्या जातींची पोरं ताटं पुढं करून "मावशी, अजून" म्हणायची आणि मावशी वाढायची. काम सोडलं त्या दिवशी शाळेनं झाकणाचं एक स्टीलचं पातेलं दिलं. त्याच्या पोटावर कोरलं होतं : सौ. भामाबाई कडुबा खरात यांस सप्रेम भेट. कडुबा, म्हणजे तिचा नवरा, तेव्हा होता. त्यानं अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माझं बी नाव घातलं की गं यांनी." लई खूश झाला होता. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली.

तिच्या अंगणाला लागून कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडं द्वारकाबाई आणि तिचे मालक तात्यासाहेब. मूळचे शेतीवाडीचे मराठे. द्वारकाबाईचं माहेर वैजापूरचं. दोन्ही घरं एकाच वर्षी बांधली गेली, तेवीस वर्षांपूर्वी. एकाच ट्रकमधून विटा आल्या, भिंतीचा खर्च निम्मा-निम्मा.

पहिल्याच वैशाख पौर्णिमेला भामाबाईनं शेवयांची खीर केली आणि वाटीभर भिंतीवरून दिली. द्वारकाबाईनं दोन्ही हातांनी घेतली, गोड हसली. संध्याकाळी वाटी परत आली, घासूनपुसून, आत चिमूटभर साखर घालून. भामाबाईला बरं वाटलं. आणि मग रात्री कुत्र्याला भाकरीचा तुकडा घालायला ती मागच्या दाराला गेली, तर पलीकडं तात्यासाहेबांच्या गाईच्या गव्हाणीत शेवया दिसल्या. गाय चाटत होती.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? तोंडावर नको म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं! भामाबाई भांडली नाही. तिनं एवढंच केलं, की त्या दिवसापासून भिंतीवरून शिजलेलं काही दिलं नाही. लिंबं दिली, कढीपत्ता दिला, चिंच दिली, कच्च्या कैऱ्या दिल्या. पलीकडून मात्र सगळं यायचं. पुरणपोळ्या, शेंगोळे, धपाटे. भामाबाई ते खायची. चवीनं खायची आणि मनातल्या मनात जळायची. तेवीस वर्षांत या गोष्टीबद्दल दोघींपैकी एकीनंही अवाक्षर काढलं नाही.

आणि तरी, नवल म्हणा नाहीतर काही म्हणा, दोघींचं एकमेकींवाचून चालायचं नाही. थंडीत दोघी ओट्यावर बसून दहा-दहा किलो वाटाणा सोलायच्या. द्वारकाबाईचा फ्रीज जुना, त्याच्या फ्रीजरचा नुसता बर्फाचा डोंगर, म्हणून तिच्या वाटाण्याच्या पिशव्यासुद्धा भामाबाईकडंच. भामाबाईच्या पिशव्यांना रबर, द्वारकाबाईच्या पिशव्यांना लाल दोरा. येसरही दोघी मिळून करायच्या. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या निवडायचं काम भामाबाईचं, भाजायचं द्वारकाबाईचं. मग गिरणीतून दळून आणायचं आणि दोन बरण्यांत भरायचं. आपल्याकडं येसराची बरणी भरलेली असली म्हणजे पाहुणा अवेळी आला तरी बाई घाबरत नाही. पाणी उकळलं, येसर कालवून सोडलं, की झाली आमटी. निवडायचं कुणी आणि भाजायचं कुणी, हे कुणी ठरवलं होतं ते विचारू नका. ते तसंच होतं.

कडुबा गेला तेव्हा भामाबाईच्या शेजारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली ती द्वारकाबाईच. आपल्या घरून पिठलं-भाकरी घेऊन आली आणि पहिला घास स्वतःच्या हातानं भामाबाईच्या तोंडात घातला. भामाबाईच्या घरात सासऱ्यांच्या पिढीपासून सुतक नाही, पिंड नाही, हे असलं काही नाही. पण त्या घासाला ती नको म्हणाली नाही. फक्त ते पिठलं लई सपक होतं. ना मोहरी, ना लसूण. एवढी सुगरण बाई आणि आमच्या दुःखाला असं पाणचट पिठलं, हे भामाबाईच्या मनात राहून गेलं. सहा वर्षं राहिलं.

एप्रिलच्या शेवटी एका पहाटे तात्यासाहेब गेले. चहा मागितला आणि कप यायच्या आत मान टाकली. मुलगा शिवराज आणि सून श्रेया पुण्याहून दुपारी पोचले. वैजापूरहून द्वारकाबाईचा भाऊ सर्जेराव जीपभर माणसं घेऊन आला. चारला उचललं. गल्ली निम्मी रिकामी, सुट्ट्या लागलेल्या, लग्नसराई. भामाबाई सकाळपासून पलीकडंच होती. तिनंच टँकरवाल्याला फोन केला, तिनंच परतून येणाऱ्यांच्या अंघोळीसाठी आपल्या टाकीतलं पाणी पाइप टाकून सोडलं. पाण्याचं तेवीस वर्षं चालतच होतं. टँकरच्या पाण्याला कुठली आलीय जात.

सहाच्या सुमाराला ती घरी येऊन टेकली, तोच भिंतीवरून हाक आली. श्रेया होती. डोळे सुजलेले, ओढणी कशीबशी गुंडाळलेली.

"काकू, आईंनी सकाळपासून पोटात काही घेतलं नाही. शुगरच्या गोळ्या चालू आहेत, हात थरथरतायत. घरात शेगडी पेटवायची नाही म्हणतात. मामी वैजापूरहून पिठलं-भाकरी आणणार होत्या, तर त्यांची गाडी लासूरजवळ बंद पडलीय. तुम्ही काहीतरी करून द्याल?"



या श्रेयाची गंमत सांगतो. दोन वर्षांपासून तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलंय. कुणाच्या सांगण्यावरून नाही, तिच्याच मनानं. सासूच्या स्वयंपाकघरात भाकरीवर लोणी आणि वरणात तूप, त्यामुळं सुट्टीला आली की ती मागच्या दारानं भामाबाईकडं यायची, पाटावर बसायची आणि "काकू, यात दूध-तूप नाही ना?" असं विचारून ताटभर जेवायची. सासूला माहीत नव्हतं असं नाही. सासू न बघितल्यासारखं करायची. पोरीला भिंतीचा कायदाच ठाऊक नव्हता, म्हणून तर ती एवढ्या सहज मागून बसली.

"पोरी," भामाबाई म्हणाली, "तुझ्या सासूला चालंल का?"

"काय चालंल का?"

त्या पोरीला काय सांगायचं? सांगावं तर आज सांगायचा दिवस नाही, आणि न करावं तर शेजारी बाई चक्कर येऊन पडायची. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. तिला करायचंच होतं. तेवीस वर्षं तिला ते करायचं होतं. द्वारकाबाईनं आपल्या हातचं खावं, आपल्या डोळ्यांदेखत खावं, एवढी एकच गोष्ट या बाईला आयुष्यात कुणाकडून तरी पाहिजे होती.

"अर्धा तास दे," ती म्हणाली. "ताटं मांडायला लाग."

मग काय, एकोणीस वर्षांचे हात. कुकरमध्ये तांदूळ धुऊन टाकले. फ्रीजर उघडला, हाताला येतील त्या दोन पिशव्या काढल्या आणि ओट्यावर आपटून वाटाणा मोकळा केला. एका पिशवीला रबर होतं, दुसरीला लाल दोरा. तिनं दोन्ही फोडल्या. वाटणाच्या सहा वड्या ट्रेमधून काढल्या. बरणीतलं येसर वाडग्यात घेऊन गार पाण्यात कालवलं, गुठळी म्हणून राहू दिली नाही. गरम पाण्यात कोरडं येसर टाकणाऱ्या बायकांचा तिला मनस्वी राग. दुसऱ्या शेगडीवर कढई. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. त्यात वाटणाच्या वड्या पडल्या तसा चर्र आवाज झाला आणि घरभर वास सुटला. वाटण तेल सोडेपर्यंत परतलं, वाटाणा घातला, उकळतं पाणी, मीठ, वरून येसर. दहा मिनिटांत आमटी दाटली आणि तिच्यावर लाल तवंग आला. तूप नाही, दही नाही, साय नाही. पोरगीसुद्धा खाईल. तिनं चमच्यानं चव बघितली. अशी आमटी तिच्या हातून कित्येक दिवसांत झाली नव्हती.

कोणत्या पातेल्यात न्यावी यावर ती क्षणभर अडली. मग मांडणीवरचं शाळेचं पातेलं काढलं. पाहुण्यांत न्यायचं तर चांगलं भांडं नको का?

पातेलं आणि कुकर तिनं भिंतीवरून श्रेयाच्या हातात दिले, तोंड धुतलं, लुगडं सारखं केलं आणि पुढच्या दारानं पलीकडं गेली. आत नाही गेली. उंबऱ्याशी, चपलांच्या ढिगाजवळ, दाराला धरून उभी राहिली.

द्वारकाबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. तिला तसं बघून भामाबाईच्या काळजात कळ आली, कारण तिनं स्वतःला आरशात तसं बघितलं होतं. श्रेयानं पातेलं सासूपुढं ठेवलं, झाकण काढलं आणि भातावर आमटी वाढली. सर्जेराव समोरच मांडी घालून बसला होता. त्यानं आमटीकडं बघितलं.

"ही तर्री कशाची?" तो म्हणाला. "कडू घासाला फोडणी? फोडणी कुणी दिली?"

भामाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. मयताच्या घरच्या पहिल्या जेवणाला हे लोक फोडणी देत नाहीत! आणि त्याच क्षणी तिला ते सहा वर्षांपूर्वीचं पिठलं आठवलं. म्हणजे ते सपक नव्हतं. ते तसंच असतं. त्या बाईनं कडुबाला आपल्या घरातल्या माणसाचा मान दिला होता, आणि मी मेली सहा वर्षं मनात म्हणत राहिले की हिनं हलगर्जीपणा केला.

"सूनबाई, कुणाच्या घरची हाय ही आमटी?" सर्जेरावनं विचारलं.

श्रेयानं दाराकडं बघितलं. भामाबाईशी तिची नजरानजर झाली. मामाचा चेहरा तिनं बघितला, आणि जे तिला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं ते बहुतेक तिला त्या एका क्षणात कळलं. पोरगी घाबरली.

"खानावळीतून मागवली, मामा."

"तरीच. खानावळवाल्याला काय कळतंय," सर्जेराव म्हणाला.

भामाबाई दारात उभी. आणि पातेलं खोलीच्या मधोमध, त्याच्या पोटावरची अक्षरं सरळ सर्जेरावाच्या तोंडासमोर. त्यानं खाली बघितलं असतं तर वाचता आली असती.

द्वारकाबाईनं हात पुढं केला. तिनं पातेलं आपल्याकडं ओढलं, जवळ घेतलं, आणि तिचा अंगठा बरोब्बर नावावर येऊन बसला. भामाबाईनं ते स्पष्ट बघितलं. दुसऱ्या हातानं तिनं घास घेतला. मग दुसरा. मान वर न करता ताट संपवलं आणि म्हणाली, "वाढ अजून."

श्रेयानं वाढली.

"चव बरी हाय," द्वारकाबाई म्हणाली. कुणाकडंही न बघता म्हणाली. अंगठा तसाच होता.

खाल्लं. तेवीस वर्षांनी खाल्लं, अजून मागून खाल्लं, आणि नाव झाकून खाल्लं! भामाबाई तिथून निघाली ती थेट आपल्या घरात. दार लावलं. पाटावर बसली आणि ढसाढसा रडली. तात्यासाहेबांसाठी रडली का स्वतःसाठी, तिलाही सांगता यायचं नाही. "गाईला घातली असती तर परवडलं असतं गं तुला," ती भिंतीला म्हणाली. "गाईला तरी नाव लपवावं लागत नव्हतं."

तिनं पुन्हा पलीकडं पाऊल टाकलं नाही. दहावा झाला, तेरावा झाला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "भामाबाई, तुम्ही दिसला नाहीत?" ती म्हणायची, "गुडघा धरलाय." गुडघा ठणठणीत होता. पातेलं परत आलं नाही, तिनं मागितलंही नाही. राहू दे म्हणाली, अंगठ्याखाली नाव झिजून जाईल तेव्हा दे म्हणावं.

चौदाव्या दिवशी सकाळी पलीकडं जीप उभी राहिली. सर्जेराव बहिणीला माहेरी न्यायला आला होता. सामान ठेवल्याचा आवाज, बायकांचा गलका. भामाबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला.

"भामा!"

तिचे हात थांबले.

"भामाऽ, अगं ये की जरा."

आता मुद्दाम सांगतो, तिला ऐकू आलं होतं. नीट आलं होतं. उठायला गेलीसुद्धा. आणि मग तिला तो अंगठा आठवला. आता माघारी हाक मारतेय, चार माणसांत तोंड शिवलं होतं! तिनं शेंगदाणे आणि लसूण मिक्सरच्या भांड्यात टाकले आणि बटण फिरवलं. तिसरी हाक आली का नाही ते तिला कळलं नाही. मिक्सर ती चालवतच राहिली, चटणीचं पार पीठ होईपर्यंत. बंद केला तेव्हा बाहेर हॉर्न वाजत होता. मग तोही लांब गेला.

दुपारी ती वाळवण बघायला अंगणात आली, तर भिंतीवर एक स्टीलची ताटली. रिकामी. भामाबाईला काय ते लगेच कळलं. कावळ्याचं ताट! जाता जाता नवऱ्याच्या नावानं घास ठेवून गेली असणार, आणि कावळ्यानं तो साफ केला असणार. ठेवायला जागा नाही मिळाली, नेमकी माझी भिंत? खरातांच्या घरात पिंडाचा, कावळ्याचा संबंध कधीच तुटलेला. पिंडदान करणार नाही ही शपथ तिच्या सासऱ्यांनी धम्मदीक्षेत घेतलेली, ती तिनंही पाळलेली. तिनं ताटलीला हात लावला नाही. "ज्यांची त्यांनी उचलावी," म्हणाली आणि आत गेली.

एक दिवस गेला, दोन गेले. ताटली तिथंच. ती रोज बघायची आणि रोज तोंड फिरवायची. ताटलीत धूळ साचली, लिंबाची वाळकी पानं पडली.

नवव्या दिवशी श्रेया आली. शिवराजनं घर विकायला काढलं होतं, कपाटं रिकामी करायला दोघं पुन्हा पुण्याहून आले होते. तिच्या हातात शाळेचं पातेलं. ते तिनं ओट्यावर ठेवलं आणि उभीच राहिली.

"काकू, मी तुमची माफी मागायला आले. मी त्या दिवशी खोटं बोलले. घाबरले मी."

"असू दे," भामाबाई म्हणाली. "तू काय करशील. ज्यांनी बोलायचं ते बोलले नाहीत."

"बोलल्या काकू. उशिरा बोलल्या, पण बोलल्या." श्रेया ओट्याला टेकली. "निघायच्या दिवशी. मामा म्हणत होते, चहा घे आणि चल. तर आई म्हणाल्या, तेरा दिवसांत एक घास गोड लागला तो भामाच्या आमटीचा, मी ती खाऊन निघणार. मामांनी विचारलं, कोण भामा? आई म्हणाल्या, 'तीच रे, तुझी खानावळ.' सगळ्यांच्या समोर, काकू. मामा लालबुंद झाले, गाडीत जाऊन हॉर्न वाजवत बसले. आई हातात ताटली घेऊन भिंतीशी गेल्या. तीन हाका मारल्या. तुमचा मिक्सर चालू होता."

भामाबाईनं ओट्यावरचं पातेलं उगाच पदरानं पुसलं.

"मी म्हटलं, मी पुढून जाऊन सांगते. तर म्हणाल्या, नको, कामात असंल. ताटली भिंतीवर ठेवली. 'भामा बघंल तवा भरंल, तू नंतर मला पोचव,' म्हणाल्या. आम्हालाही लगोलग पुण्याला निघावं लागलं, माझ्या डोक्यातूनच गेलं. मला वाटलं, तुम्ही केव्हाच…"

भामाबाई भिंतीजवळच्या खिडकीकडं बघत होती. तिथून ताटलीची कड दिसत होती.

"मग आता घेऊन जा," ती घाईनं म्हणाली, पदर खोचत. "थांब. अर्धा तास थांब. शिवराजला म्हणावं, वैजापूरवरून जा."

"काकू," श्रेया म्हणाली आणि रडायला लागली. "आईंना परवा झटका आला. उजवी बाजू गेलीय. वैजापूरच्या दवाखान्यात आहेत, येताना आम्ही तिथूनच आलो. बोलता येत नाही, गिळता येत नाही. नाकातून नळी घातलीय, तिच्यातून नुसतं पातळ देतात."

भामाबाई पाटावर बसली. मिक्सर समोरच होता, ओट्यावर, झाकण लावलेला. तिला वाटलं, उचलावा आणि बाहेर फेकून द्यावा. तीन हाका. तेवीस वर्षांत त्या बाईनं भिंतीवरून फक्त एकदा काहीतरी मागितलं, सगळ्यांदेखत मागितलं, आणि मी बटण फिरवलं!

श्रेया गेली. भामाबाई मग उठली. तिनं भाताचा कुकर लावला, फ्रीजर उघडला. लाल दोऱ्याच्या तीन पिशव्या उरल्या होत्या. त्यातली एक काढली. येसर गार पाण्यात कालवलं. तेल तापवलं, मोहरी टाकली, लसूण टाकला. फोडणी दिली, मुद्दाम दिली. अजून कुणी मेलेलं नाही, ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, फोडणी द्यायचीच.

ताटली तिनं भिंतीवरून उचलली. पानं झटकली, घासली. मागं बारीक अक्षरांत कोरलेलं होतं : सौ. द्वारकाबाई. माहेरच्यांनी लग्नात दिलेली असणार. भामाबाईनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग ताटलीत भात वाढला, वर आमटी घातली आणि ती परत भिंतीवर, होती तिथं, ठेवली. कशासाठी ठेवली ते तिला विचारू नका. द्वारकाबाईनं मागितली होती, म्हणून ठेवली.

पलीकडं दारं-खिडक्या उघड्या होत्या, कपाटं ओढल्याचा आवाज येत होता. ऊन उतरायला लागलं होतं. आमटीची वाफ निघत होती.

लिंबाच्या झाडावरून एक कावळा खाली उतरला. भिंतीवर बसला, मान वाकडी करून त्यानं ताटलीकडं बघितलं आणि दोन उड्या मारत जवळ आला.

जिनं जन्मात कधी कावळ्याला मानलं नाही, ती बाई अशी धावली की पायातली चप्पल मागं राहिली.

"हाड! हाड मेल्या!" ती ओरडली. तिचा आवाज फाटला. "जिती हाय ती अजून! तिचं हाय ते!"

कावळा उडाला आणि समोरच्या तारेवर जाऊन बसला. तिथून तो हलेना. भामाबाईनं अंगणातलं स्टूल ओढून भिंतीला लावलं आणि ताटलीवर पदर धरून ती तिथं बसून राहिली.